न झाडलेली जागा

पुरुष विचारीत, “जागा बरी आहे ना?” बायका विचारीत, “पाहण्याजोगी आहे का?” या दोन प्रश्नांची उत्तरे आधी जाऊन शोधून आणणे हा माझा व्यवसाय होता. ठाण्यात त्या काळी त्याला नाव नव्हते आणि आजही नाही. संपादकांनी ‘आपल्या कामाविषयी लिहा’ असे कळविले, तेव्हा माझ्या नावाखाली काय लिहावे याचा विचार करीत मी बराच वेळ बसले. शेवटी ‘पुढे जाऊन येणारी’ एवढेच लिहिले.

माझे वडील पुराणिक होते. आर्या आणि ओव्या त्यांनी मला तळहातावर टिचक्या मारून शिकविल्या. मात्रा चुकली की टिचकी जोरात बसे. अकराव्या वर्षी मी विधवा होऊन त्यांच्याकडे परत आले, आणि त्यांच्या पश्चात त्यांची पोथी माझ्या हाती आली. तळ्याकाठच्या वकिलांच्या घरी मी दुपारी बायकांपुढे पुराण वाचू लागले. पांडव वनात निघत आणि त्याच वेळी दुरून आगगाडीची शिटी ऐकू येई. बायकांच्या हातातल्या वाती वळायच्या थांबत. एके दिवशी वकिलांच्या पत्नी सरस्वतीबाई म्हणाल्या, “अंबूताई, पोथीतली वनं ऐकून कान किटले हो. एखादं खरं वन दाखवा की.”

सगळ्या हसल्या. वकील मात्र हसले नाहीत. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि सांगितले, की कुणी जबाबदार बाईने आधी जाऊन सर्व पाहून यावे, मग बायकांनी जावे. जबाबदार बाई म्हणजे मी. विधवेच्या ज्या लाल आलवणाला पाहून लोक सकाळी वाट बदलीत, त्याच आलवणाच्या भरवशावर ते आपल्या लेकीसुना घराबाहेर पाठवू लागले. अपशकुन नको म्हणून सहलीच्या दिवशी मी एक गाडी आधी निघत असे. बायका उतरत तेव्हा मी फलाटावर उभीच असे, जणू तिथलीच कुणी.

कामाची रीत साधी होती. जागेचे सौंदर्य मी सर्वांत शेवटी पाही. आधी आडोसा, पस्तीस बायका दिवसभर घराबाहेर राहणार, त्यांनी कुठे जायचे? मग पाणी, मग सावली, मग तिथे रिकामे कोण बसतात आणि कसे पाहतात, मग परतीची गाडी. हे सर्व वहीत लिहून शेवटच्या ओळीत एकच शब्द टाकायचा: ‘पाहण्याजोगे’, किंवा ‘नाही’. वही घरोघर फिरे, पण वाचली जाई ती शेवटची ओळच.

कळव्याच्या मिठागरांना मी ‘पाहण्याजोगे’ लिहिले तेव्हा फार थट्टा झाली. “मीठ बघायला आगगाडी कशाला? फडताळ उघडलं की झालं,” असे सर्वांत वडील असलेल्या गोदाकाकू म्हणाल्या होत्या. तिथे पोहोचल्यावर मात्र त्या पांढऱ्या राशींपुढे डोळ्यांवर पदर धरून त्या उभ्या राहिल्या आणि बऱ्याच वेळाने हळूच म्हणाल्या, “एवढं मी जन्मभर चिमटीचिमटीने टाकलं!” एका शेठजींच्या बागेतल्या बंगल्याला मी ‘नाही’ लिहिले. तिथल्या माळ्याच्या नजरेला लाज नव्हती. वहीत कारण लिहिले, ‘विहिरीत साप’. वहीत खोटे लिहिता येते हे मला त्या दिवशी कळले, आणि ते इतके सोपे असते याची तेव्हा मौज वाटली होती.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसले तिच्याकडे वळते. आजवर ती मी एका व्यक्तीखेरीज कुणाला सांगितलेली नाही.

कल्याणच्या खाडीकाठी नाखुदाची हवेली होती. पेशवाईच्या उतारावर एका कोकणी मुसलमान नाखुदाने, म्हणजे गलबतांच्या मालकाने, ती बांधली होती. घराचे सुतार न बोलावता त्याने गलबते बांधणारे सुतार बोलाविले होते, ही तिची ख्याती. वंशज मुंबईला राहात. हवेलीत दाऊदमियाँ नावाचे वृद्ध रखवालदार तेवढे होते आणि झाडलोटीला हिरूबाई नावाची कोळीण येई. कलेक्टराच्या मडमेने ती इमारत पाहून वाखाणली, अशी बातमी वकिलांच्या कचेरीतून आमच्या माजघरात आली, आणि सरस्वतीबाईंनी लगेच वही माझ्यापुढे सरकवली.

मी गेले तो दिवस फाल्गुनातला होता. हवेली पडकी असेल अशा अपेक्षेने मी गेले होते. ती पडकी मुळीच नव्हती. सागवान जवसाच्या तेलाने नुकतेच पुसले होते. कड्या घासलेल्या होत्या. आवारात गोड्या पाण्याची विहीर होती, भिंतीआड चांगला आडोसा होता, चिंचेची सावली होती. प्यायचे पाणी आपण न्यायचे, डबे आपले, म्हणजे घरच्यांचीही हरकत राहणार नव्हती. वहीचे पहिले पान भराभर भरले.

“आता वर चला, बाईसाहेब,” दाऊदमियाँ म्हणाले. “खाली जे आहे ते घर. वर आहे ते जहाज.”

वरचा दिवाणखाना लांबलचक होता. खाडीकडच्या भिंतीत सात खिडक्या होत्या आणि प्रत्येक खिडकीत रंगीत काचा. पश्चिमेकडे कललेले ऊन त्या काचांतून आत येऊन जमिनीवर आडवे पडले होते. जांभळे, केशरी, हिरवे असे ते रंग खाडीच्या पाण्याबरोबर हलत होते, त्यामुळे सारी जमीनच मंद श्वास घेते आहे असे वाटे. मी खिडकीशी हात ठेवला आणि माझ्या उघड्या मनगटावर हिरव्या उजेडाचे काकण पडले.

अकराव्या वर्षानंतर माझ्या मनगटावर हिरवे काही पडले नव्हते. मी हात हलविला नाही. दाऊदमियाँ काही सांगत होते. ते शब्द मला दुरून आल्यासारखे ऐकू आले.

“ही जमीन जहाजाच्या तक्त्यासारखी बांधली, बाईसाहेब. मध्ये उंच, कडेला उतार. जहाजावर लाट आली तर पाणी आपोआप बाहेर जायला हवं ना? तसंच. इथं पाणी सांडा, भिंतीकडे पळेल.”

मला तहान लागली होती. मी माझ्या फिरकीच्या तांब्याने वरून पाणी प्यायले. हात रंगांत अडकलेला, लक्ष नव्हते. ओंजळभर पाणी सांडले. ते क्षणभर थेंबाथेंबांनी थरथरले, एकत्र झाले, आणि संथपणे निघाले. भिंतीकडे नव्हे, मधल्या जाजमाकडे.

मी दाऊदमियाँकडे पाहिले. ते खिडकीबाहेर खाडीतला एक मचवा पाहात होते; फार लक्षपूर्वक पाहात होते.

मग मला इतर गोष्टी दिसू लागल्या. खोलीभर पसरायचे जाजम फक्त मधोमध अंथरले होते. दाऊदमियाँ दारापासून खिडकीपर्यंत भिंतीला धरून आले होते. आणि झाडणीच्या रेघा भिंतीपासून चार हात येऊन थांबत होत्या. तिथून पुढे जमिनीवर धुळीचा पातळ, अस्पर्श थर होता.

खाली उतरताना जिन्याशी हिरूबाई झाडू घेऊन बसली होती. दाऊदमियाँ पुढे गेल्यावर तिने माझा पदर ओढला.

“बाय, त्या मधल्या जागंन जाव नको.”

“का गं?”

“मी कवा जात नाय म्हून. लाकूर पोकल झालाय. पान्यान घालाच्या आंदी होरीची फली ठोकून बगतात ना? चांगला लाकूर जवाब देतं. खाल्लेला लाकूर आवाज गिलतं. मी खराट्याच्या दांड्यानी ठोकलाय. मधी जवाबच नाय.”

“दाऊदमियाँना सांगितलंस?”

“त्याला नाय म्हाईत? तोच जाजम हांतरतो.” तिने वर पाहिले. “मालक ही हवेली मोरून लाकूर इकाचा म्हनतो. मानसा बगाया आली, नाव झाला, तर ऱ्हाईल, अशी त्या म्हाताऱ्याला आस. तू एकली-दुकली येशील तर ये. पन जत्रा नको आनू गो बाय.”

परतीच्या गाडीत मी वही मांडीवर घेऊन बसले. ‘नाही’ हा शब्द दोन अक्षरांचा. तो लिहिणे माझे काम होते आणि मला ते उत्तम येत होते. सापाची विहीर पुन्हा कामी आली असती. पण मनगटावर अजून काही तरी लागून राहिल्यासारखे वाटत होते. त्या पस्तीस जणींपैकी तिघी माझ्यासारख्या होत्या. त्यांच्या हातांवर तो उजेड पडलेला मला पाहायचा होता. मी स्वतःशी वाद घातला. एका वेळी दहाच जणींना वर नेऊ. भिंतीकडेने नेऊ. जाजमावर कुणाला पाऊल टाकू देणार नाही. मग मी लिहिले: ‘वर एका वेळी दहाजणींनी जावे, जागा अरुंद आहे.’ आणि त्याखाली, ‘पाहण्याजोगे’.

जागा अरुंद नव्हती. मी दुसऱ्यांदा खोटे लिहिले होते, आणि या वेळी मौज वाटली नाही.

सहलीपर्यंतचे नऊ दिवस मी कसे काढले ते मला ठाऊक. पुराण वाचताना घरातला पाट, पलंग, देव्हारा, जे हाती लागेल त्यावर मी बोटाने वाजवून पाही. सरस्वतीबाईंच्या माडीवर जाताना पायरी करकरली की मी पाय भिंतीकडे सरकवी. दोनदा मी वही परत मागायला निघाले. दोन्ही वेळा दारातच कुणी तरी भेटले आणि म्हणाले, “अंबूताई, सात खिडक्या का हो? आणि खाडी अगदी दिसते?” मी म्हणे, “दिसते.”

त्या दिवशी बायका उतरल्या त्या हसत, गजऱ्यांच्या वासाच्या लाटेसारख्या. खाडीची ओटी भरायची म्हणून सरस्वतीबाईंच्या टोपलीत खण, नारळ आणि हळदीकुंकवाची कोयरी होती. पहिल्या दहाजणी मी वर नेल्या, भिंतीला धरून. प्रत्येकीचा पदर माझ्या नजरेत होता. त्यात माझ्यासारखी यमुना होती. तिने खिडकीशी हात नेला, हिरवा उजेड मनगटावर पडताना पाहिला आणि तो हात पटकन पदराखाली घेतला, चोरी सापडल्यासारखा. मग पुन्हा हळूच बाहेर काढला. मला वाटले, आता काहीही झाले तरी चालेल. असे मला खरोखर वाटले, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

पहिल्या दहाजणी सुखरूप उतरल्या. दुसऱ्या दहाजणींत टोपली घेऊन सरस्वतीबाई होत्या, गोदाकाकू होत्या, आणि वकिलांची नऊ वर्षांची गोपी व तिची मैत्रीण होती. गोदाकाकूंना जिना चढायला वेळ लागला. मी त्यांचा हात धरून शेवटी आत आले, तोवर बाकीच्या आधी पोहोचल्या होत्या. गोपीने खिडकीच्या कट्ट्यावर सागरगोटे मांडले होते. एक सागरगोटा खाली पडला आणि घरंगळू लागला. तो थांबेना. मंद, अगदी ठरवून चालल्यासारखा तो खोलीच्या मध्याकडे गेला आणि जाजमाच्या कडेखाली दिसेनासा झाला.

“अगं, बघ कसा पळाला!” म्हणत गोपी त्याच्यामागे गेली. तिने जाजम उलटे सारले. खाली काळी, रुंद, चकचकीत जमीन दिसली, आणि कोणत्याही मराठी मुलीने जे केले असते तेच त्या दोघींनी केले. हातांत हात अडकवले, पाय जुळवले, मागे झुकल्या, आणि फुगडी सुरू झाली.

मी पाहिले ते हे: त्यांच्या टाचांखालची फळी प्रत्येक फेऱ्याला खाली जात होती आणि वर येत होती. आवाज मात्र येत नव्हता. टाचा पडत होत्या आणि जमीन तो आवाज गिळत होती. फुगडीला बायका धावतातच. दोघीतिघी टाळ्या वाजवीत मध्याकडे निघाल्या होत्या, गोदाकाकूसुद्धा “अगो, फुगडी म्हणजे अशी नव्हे, सरा!” म्हणत माझ्या हातातून हात सोडवीत होत्या.

‘पळा’ म्हणून ओरडले असते तर पोरींच्या आया आधी पोरींकडे धावल्या असत्या, म्हणजे मध्यावरच. ‘जमीन कुजली आहे’ म्हटले असते तरी तेच. बायकांना एका क्षणात, न विचारता, भिंतीशी नेऊन बसवील असा शब्द मला हवा होता. असा शब्द एकच असतो. तो उच्चारण्याचा अधिकार त्या खोलीत मला आणि यमुनेसारख्यांनाच काय तो नव्हता.

पुराणाला लावते तो आवाज मी लावला.

“हळदीकुंकू! भिंतीला लागून बसा गं सगळ्या!”

सवय किती खोल असते पाहा. फुगडी सुटली. टाळ्या थांबल्या. पदर डोक्यावर गेले, आणि कोण बोलले हे मनापर्यंत पोहोचण्याआधी त्यांची शरीरे भिंतीकडे वळली. गोपीसुद्धा मैत्रिणीला ओढीत आईशेजारी जाऊन मांडी घालून बसली. मी सरस्वतीबाईंच्या टोपलीतून कोयरी उचलली होती. तिचे झाकण उघडे होते. माझ्या बोटांना कुंकू लागले होते.

मधली जमीन आपोआप, हळूहळू, एकदा वर-खाली झाली आणि थांबली. ते माझ्याखेरीज कुणी पाहात नव्हते. सगळ्या माझ्या बोटांकडे पाहात होत्या.

“अगं बाई!” गोदाकाकू म्हणाल्या. “हिच्या हातात कोयरी कुणी दिली?”

सरस्वतीबाईंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, मग माझी नजर जिथे खिळली होती तिथे. त्यांना काय दिसले कोण जाणे. त्या उठल्या, भिंतीला धरून माझ्यापर्यंत आल्या आणि माझ्या हातातून कोयरी घेतली.

“मीच दिली, काकू. धरायला. माझे हात नारळानं अडलेले.”

“पण बोलली ती!”

“ओरडा तिचा मोठा म्हणून मीच सांगितलं. हं, तुम्ही वडील, आधी तुम्हाला.” त्यांनी गोदाकाकूंना कुंकू लावले. “लावलं की खाली उतरायचं. खाडीची ओटी खोळंबलीय. बसून राहायचं नाही, एकेक उठा. भिंतीकडनं, भिंतीकडनं, पदर तुडवाल.”

एकेक उठू लागली. एकेक पाऊल मी ऐकले. कुंकू लागलेले कपाळ दाराबाहेर गेले की एक श्वास सोडायचा, पुढचा घ्यायचा. आठ, सात, सहा. इतक्या सावकाश बायका उठतात हे मला पूर्वी कधी जाणवले नव्हते. कुणी बांगडी सारखी करी, कुणी खिडकीतून शेवटचे पाहून घेई. दारात दाऊदमियाँ उभे होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि ते ओठांतल्या ओठांत काही म्हणत होते.

शेवटी गोपी उठली आणि म्हणाली, “माझा सागरगोटा!”

ती वळली होती. मी तिचे मनगट धरले. इतके घट्ट, की तिची एक बांगडी पिचली. पोर रडत खाली गेली.

खोलीत सरस्वतीबाई आणि मी उरलो.

“काय आहे?” त्यांनी हळूच विचारले.

“काही नाही,” मी म्हणाले. “चला.”

उरलेल्या जणींना मी सांगितले, की वर मधमाश्यांचे पोळे दिसले, आता जाता येणार नाही. तिसरे खोटे.

घाटावर खाडीची ओटी भरली तेव्हा मला दूर बसावे लागले. गोदाकाकू मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, “पोथ्या वाचून वाचून डोकं फिरलं. विधवेनं कुंकवात हात घालायचा म्हणजे काय! आणि पोरीची बांगडी फोडली, ती निराळीच.” यमुनेने माझ्याकडे एकदाच पाहिले, त्या नजरेत रागही नव्हता, दयाही नव्हती, केवळ भय होते. आपणही कधी असे करून बसू, असे काहीसे. पुढे चार महिने माझे पुराण बंद राहिले.

मी खरे का सांगितले नाही? खरे सांगितले असते तर पुरुषांनी सहलीच बंद केल्या असत्या, असे मी स्वतःला पुष्कळ वर्षे सांगत आले. ते असत्य नाही, पण पुरते सत्यही नाही. वहीत माझ्या हस्ताक्षरात ‘पाहण्याजोगे’ असे लिहिले होते, आणि ते मी पाणी आत वळलेले पाहून लिहिले होते. कुंकवाचा डाग मी सोसू शकत होते. हा सोसवला नसता.

आषाढाच्या अखेरीस हिरूबाई मासळी घेऊन ठाण्याच्या बाजारात आली होती. आमच्या आळीत तिला यायची सोय नव्हती. तिने कोपऱ्यावरून हाक मारली.

“बाय, हवेलीचा पोट फाटला! दुपारच्याला. मधली जमीन जाजमासकट खाली आली.”

“कुणी—”

“कोन नाय. म्हातारा मशिदीन नमाजाला जेलता.” तिने टोपली खाली ठेवली. “मी तुला सांगलेला.”

“सांगितलं होतंस.”

“तरी आनलीस जत्रा.”

तिने टोपली डोक्यावर घेतली. “म्हातारा रोज येतो, ढिगावर बसतो,” जाता जाता म्हणाली, “त्याला तरी मी क बोलू?”

ही बातमी वकिलांच्या कचेरीतही पोहोचली. त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतले. मी ओसरीवर उभी राहिले. माझे पाय नकळत भिंतीला लागले होते. वकील चष्मा पुसत म्हणाले, “अंबूताई, ती हवेली कोसळली म्हणे. अंगावर काटा आला हो! पण तुम्ही आधी पाहून आला होतात, म्हणूनच आमची मंडळी वेळेवर जाऊन सुखरूप आली. पुराण उद्यापासून सुरू करा. आणि पुढच्या सहलीचं बघा. तुमच्या शब्दावर आमचा पूर्ण विश्वास आहे.”

आयुष्यात मला एवढे भय कधी वाटले नव्हते. फुगडीच्या वेळीही नाही. दाराआड सरस्वतीबाई उभ्या होत्या. त्या माझ्या भिंतीला लागलेल्या पायांकडे पाहात होत्या.

दुसऱ्या दिवशी पुराण संपून बायका गेल्यावर त्या मागे राहिल्या. पोथी बांधता बांधता मी त्यांना सारे सांगितले: सांडलेले पाणी, हिरूबाई, न झाडलेली जागा, मनगटावरचा उजेड. त्या वाती वळीत ऐकत होत्या. ऐकता ऐकता एक वात फार लांब झाली.

“माझी गोपी होती तिथं,” एवढेच त्या म्हणाल्या.

“होय.”

त्यांनी ती लांब वात मोडून टाकली आणि पुन्हा वळायला घेतली. मी वाट पाहात होते. त्यांनी वही मागितली असती तर मी त्याच क्षणी दिली असती आणि पुन्हा हाती घेतली नसती.

“पुढच्या खेपेला आधी पाहायला मी येणार,” त्या म्हणाल्या. “तुमच्याबरोबर.”

“वकीलसाहेब सोडतील?”

“कालच सांगितलंय त्यांना. म्हटलं, अंबूताईंना हल्ली डोळ्यांनी कमी दिसतं.”

“मला कमी दिसत नाही, सरस्वतीबाई.”

“नाही. जास्त दिसतं. म्हणूनच म्हणते.” त्यांच्या आवाजात क्षमा नव्हती, ती मला पुढेही कधी ऐकू आली नाही. “उजेड तुम्ही बघा. जमीन मी बघते.”

मार्गशीर्षात आम्ही दोघी एका जुन्या इनामदारांचा वाडा पाहायला गेलो. दारावर वेलबुट्टीचे नक्षीकाम होते आणि सकाळचे ऊन त्यात मधासारखे भरले होते. माझी वही उघडली गेली, माझे पाय उंबऱ्यातच थबकले. कारभारी अदबीने पुढे आले आणि वाड्याचा इतिहास सांगू लागले. सरस्वतीबाईंनी पदर खोचला, त्यांना ओलांडून त्या सरळ चौकात गेल्या, आणि कोपऱ्यात केरसुणी घेऊन ओणवी झालेल्या बाईपुढे उकिडव्या बसून त्यांनी विचारले,

“बाई, तू कुठे झाडत नाहीस गं?”